आज्ञेच्या आधीचा दिवस

(फाल्गुन, सन १९३१. शिरपूरच्या वेशीबाहेर नुकतं उजाडतं आहे. दमणी हाकतो आहे सोमला पारधी. मागे बसले आहेत कापडाचे दुकानदार पन्नालाल आणि त्यांची वीस वर्षांची विधवा लेक भागिरथी.)

सोमला : अन् खरं सांगू काय शेटजी? रागवान नाही ना?

पन्नालाल : तू सांगितल्याबिगर राहाणार हायेस काय? सांग.

सोमला : पर्युषणात तुमी मह्यापासून लावऱ्या घेता. पिंजऱ्याचं दार उघडता, हात जोडता, सोडून देता. त्या लावऱ्या म्या दुसऱ्या रोजी वावराच्या त्याच धुऱ्यावर पुन्हा धरतो.

पन्नालाल : त्याच कशावरून? लावरीच्या तोंडावर नाव लिहिलं असते काय?

सोमला : एकीच्या पायाले लाल दोरा बांधला होता म्या. तीन वर्सं तुमी तेच लावरी सोडून राह्यले.

पन्नालाल : हरामखोरा! अबे, मही सगळी जीवदया तू एकाच लावरीवर खर्च केली?

सोमला : तुमाले पुण्य भेटलं, मह्या लेकरायले भाकर भेटली, लावरीची हवा बदलली. कोनाचं काय बिघडलं?

भागिरथी : लावरीले कोणी विचारलं काय, सोमलाभाऊ?

पन्नालाल : हासली! सोमला, पाह्यलं? हासली भागू. चल, सकाळ चांगली निघाली. बेटा, वर पाह्य, सूर्य कसा येऊन राह्यला. तुनं म्हटलं होतं ना, पिंजऱ्यातली नाही, मोकळी पाखरं पाह्यची? दीक्षेच्या आधी एक हौस पुरवायची असते. तर आज सांजेपर्यंत दमणी तुही, बैल तुहे, सोमला तुहा.

सोमला : मले नका देऊ बाप्पा. मी मह्या बायकोचा हावो, तिले इचारा लागीन.

पन्नालाल : आपण पाखरायची खानेसुमारी करू. सरकारनं माणसायची केली ना परवा, तशी.

सोमला : आमच्या बेड्यावर आला होता तो लिहिनारा. माणसं मोजली, बकऱ्या मोजल्या. म्या म्हटलं, साहेब, पाखरं लिहा, ते आमच्याहून जास्त हायेत. तो मह्यावरच खेकसला.

भागिरथी : आमच्याही घरी आला होता. रुपाकाकीनं नावं सांगितली. मह्यं सांगितलं का नाही, माहीत नाही. आतून नीट ऐकू नाही आलं.

पन्नालाल : असं कसं? सांगितलंच असन. रुपा काय तुले विसरते?

सोमला : होऽ! होऽ! उगे राहा. आयकलं काय?

भागिरथी : करकोचे. हरभऱ्याच्या वावरात उतरून राह्यले.

पन्नालाल : न पाहताच समजलं तुले?

भागिरथी : हिवाळाभर रोज सकाळी घरावरून जातात, बाबा. मह्या खोलीची खिडकी उंच हाये. आभाळाचा एक तुकडा दिसते, पण नेमके त्यातून कधी गेले नाहीत. आवाज मात्र पाठ झाला.

पन्नालाल : मंग आता पाह्य ना! दोनशे तरी असतीन. राखी लोकरीचं कापड, गळ्यापाशी काळं. असा माल मह्या दुकानात एकदाच आला होता, इन्स्पेक्टरसाहेबानं सगळा नेला. पाह्य, कसे डौलानं चालून राह्यले.

भागिरथी : हो.

पन्नालाल : हो म्हणते अन् चाकाकडं पाहून राह्यली. अवं, करकोचे तिकडं हायेत.

भागिरथी : ऐकू येऊन राह्यले ना, बाबा. चांगले ऐकू येऊन राह्यले.

पन्नालाल : ऐकायलेच होते तर घरी काय वाईट होतं? हाक रे सोमला. तळ्यावर चल. तिथं तरी डोळे उघडतीन.

सोमला : तयंच आलं शेटजी, हे काय. यंदा पानी आटलं, म्हनून पाखरं जवळ आली. उतरा. बाई, या गवतातून सरळ काठावर जाता येते. काटा नाही, चिखल नाही.

भागिरथी : मी इथं पाळीवरच बसते. तुमी जा.

सोमला : काहून? गालिच्यासारखं हिरवं गवत हाये.

भागिरथी : हिरवं हाये म्हणूनच. त्यात जीव असते.

सोमला : किडे असतीन म्हनता?

भागिरथी : किडे वेगळे. गवतच जिवंत हाये, सोमलाभाऊ.

सोमला : बाप्पा! मंग मह्ये बैल रोज काय करून राह्यले म्हनावं?

भागिरथी : बैलायनं दीक्षा नाही घेतली.

पन्नालाल : अजून तुनंही नाही घेतली, बेटा.

भागिरथी : सवय करते. तुमी जा ना, बाबा. मी पाणी पिते, उकळलेलं आणलं हाये.

पन्नालाल : चल रे सोमला. दाखव मले एकट्यालेच.

सोमला : हे पाहा, हळू या. ते तांबडं जोडपं, चक्रवाक. रातच्याला एकमेकाले हाका मारतात. तिकडं शेपटी हालवनारी धोबीन. अन् ते...

पन्नालाल : खाली बस जरा. तुले एक सांगतो. तिच्या कानावर जाऊ देऊ नको.

सोमला : तिचे कान लय तिखट हायेत, शेटजी. हळू बोला.

पन्नालाल : अक्षय्य तृतीयेले दीक्षा ठरली. संघानं ठरवली. पत्रिका छापायले अकोल्याले गेल्या. हत्तीवरून मिरवणूक काढायचं चाललं हाये. एक कागद तेवढा राह्यला. आज्ञेचा. बापानं लिहून दिल्याबिगर साध्वीजी पोरीले घेत नाहीत. उद्या सकाळी गुरुणीजीसमोर मले तो कागद ठेवायचा हाये.

सोमला : मंग ठेवा.

पन्नालाल : सही होत नाही ना! तीनदा दौत उघडली, तीनदा लावून टाकली.

सोमला : मंग नका ठेवू.

पन्नालाल : नाही कसं म्हणू? धर्माच्या कामात बाप आडवा आला म्हणतीन. म्हणून म्हटलं, एक दिवस तिले बाहेर नेऊ. ती रान पाहीन, पाणी पाहीन, पाखरं पाहीन. जीव रमला तर तीच म्हणीन, बाबा, मले नाही जायचं. मंग कोणाचाच दोष नाही.

सोमला : म्हंजे फासं मांडलं तुमी.

पन्नालाल : अबे, फासं काय म्हणतोस?

सोमला : आमी असंच करतो. पाळलेला तितर झुडपापाशी ठेवतो. तो बोलते, त्याच्या आवाजावर रानातला धावत येते. आज तुमी मले पाळलेला तितर केला.

पन्नालाल : काहीही म्हण. मले मही पोरगी पाह्यजे. एकच हाये मले. साध्वी झाली की मह्या दारात ती भिक्षेले येईन अन् मी तिच्या पाया पडीन. भागू म्हणून हाक नाही मारता येणार. सहन नाही होत रे मले.

सोमला : खरं हाये. पन शेटजी, पाखरू धराच्या आधी आमी ठरवतो, धरल्यावर ठेवाचं कुठं. तुमी ठरवलं काय?

पन्नालाल : कुठं म्हणजे? घरी.

सोमला : घरी त ते हायेच. लहानपनी मह्या पिंजऱ्यापाशी येऊन बसे. हे कोन, ते कोन, डोकं खाऊन टाके. मंग लगन झालं, किन्हीराजाले गेली. नवरा गेला म्हनून आयकलं. तवापासून आतून निस्ता आवाज येते, सोमलाभाऊ, आज कोण आणलं? नऊ वर्सांत म्या आज तिचं तोंड पाह्यलं.

पन्नालाल : आमच्यात रीत हाये. नवरा गेला की बाईनं कोना धरायचा. आतल्या खोलीत. वर्षभर.

सोमला : वर्सभर.

पन्नालाल : हो.

सोमला : अन् मंग?

पन्नालाल : मंग... तो कोण रे काळा, पंख वाळत घालून बसला?

सोमला : पानकावळा. तुमाले माहीत हाये तो पानकावळा हाये.

पन्नालाल : चल, ऊन वाढून राह्यलं. पळसात जाऊन जेवू.

भागिरथी : पाह्यलं काय, बाबा, सगळं?

पन्नालाल : पाह्यलं. तुनं काय केलं?

भागिरथी : बसली होती.

पन्नालाल : बस, बस. बसायले काय जाते. चला.

सोमला : ही सावली बरी हाये. अथीच सोडतो बैल. शेटजी, मी तिकडं तोंड करून खातो. मह्या भाकरीसोबत कांदा हाये, तुमाले चालत नाही.

भागिरथी : इकडं तोंड करून खा, सोमलाभाऊ. दिसल्यानं काही होत नाही. ह्या दशम्या घ्या दोन.

पन्नालाल : काय पळस फुलला! सगळ्या रानाले कुसुंब्यात बुडवून काढलं. तो पाह्य, तो पाह्य निळा! बसला होता तेव्हा मळका दिसे, उडाला तर आतून काय निळा निघाला! हा रंग मले अहमदाबादवाले नाही देऊ शकत.

सोमला : नीलकंठ हाये. दसऱ्याले लोक शोधत फिरतात त्याले.

पन्नालाल : भागू! पाह्यला काय?

भागिरथी : इथून मोर गेला, बाबा. ही पाहा, तीन बोटं पुढं. शेपटीची रेघ पण हाये धुळीत. अन् त्याच्यावरून होले चालले. म्हणजे मोर आधी गेला.

सोमला : माय वं! बाई, हे त पारध्याच्या पोराले दहा वर्सं शिकवा लागते.

पन्नालाल : तू तिले चढवू नको! सगळं रान डोक्यावर पेटलं हाये, अन् ही धुळीतल्या रेघा वाचून राह्यली. बेटा, मह्यावर रुसली काय? काही चुकलं मह्यं?

भागिरथी : नाही, बाबा. तुमी मले आणलं, मी जन्मभर विसरणार नाही.

पन्नालाल : जन्मभर म्हणू नको. तुह्या जन्माची मलेच चिंता हाये. सोमला, अजून काय राह्यलं?

सोमला : माळ राह्यला. तिथं जे असते ते दुसरीकडं नसते. पन चालत जा लागते, दमणीच्या आवाजानं पळते सगळं.

पन्नालाल : चालू. ... अबे, किती चालवतोस? इथं तर काहीच नाही. गोटे अन् वाळलेलं गवत.

सोमला : अथीच सगळं हाये. मातीच्या रंगाचं असते, म्हनून दिसत नाही. चंडोल हाये, धाविक हाये, नशिबात असन त... ते पाहा! उडालं!

पन्नालाल : कुठं? कुठं?

सोमला : तुमच्या पायातून! भटतितर! टेकडीकडं वळली पाहा, मादी हाये!

पन्नालाल : दिसली, दिसली! भागू, वर पाह्य, इकडं, मह्यापाशी ये...

भागिरथी : बाबा! पाय टेकू नका!

पन्नालाल : काय झालं? साप?

भागिरथी : टेकू नका म्हटलं ना! तसाच वर ठेवा.

पन्नालाल : अवं, एका पायावर? मी काय बगळा हावो?

भागिरथी : सोमलाभाऊ, त्यायचा हात धरा. बाबा, आता पाय मागं घ्या. सरळ मागं. अजून. हं, ठेवा.

सोमला : बाप्पा. तीन हायेत.

पन्नालाल : काय तीन? मले तर गोटेच दिसून राह्यले.

भागिरथी : तुमच्या जोड्याच्या टोकापाशी. राखेच्या रंगाची अंडी. घरटं नाही, काडी नाही, उघड्या जमिनीवर.

पन्नालाल : अरिहंत, अरिहंत. तीन जीव गेले असते मह्या पायाखाली.

सोमला : म्या पारधी असून चुकलो, शेटजी. पाखरू उडालं अन् म्या बी वर पाह्यलं. ते उठलं कुठून, हे पाह्यले पाह्यजे होतं. चला, मांगं सरका, आडोशाले बसा. मादी परत येईन. दिवसा ते बसते, रातच्याला नर बसते. पिल्लं निंघाली की पान्याचं काम बापाकडं.

पन्नालाल : बापाकडं?

सोमला : दोन-दोन कोस तळ्यावर जाते. पोटाची पिसं भिजवते, तसाच उडून येते. पिल्लं त्याच्या पोटाले चोची लावून पितात. म्या डोयानं पाह्यलं.

पन्नालाल : हं. बेटा, तुले कशी दिसली गं अंडी?

भागिरथी : मी खालीच पाहून राह्यली होती. सकाळपासून.

पन्नालाल : हेच तर म्हणतो मी! दुकान बंद ठेवलं, दमणी केली, तुले जग दाखवायले आणलं!

भागिरथी : साध्वीजी चालतात तेव्हा चार हात पुढची जमीन पाहतात, बाबा. इकडंतिकडं पाहात नाहीत. पायाखाली जीव येऊ नये म्हणून. तुमाले माहीत हाये.

पन्नालाल : माहीत हाये. ते दीक्षेनंतर.

भागिरथी : दीक्षेनंतर जन्मभर. मले एक दिवस करून पाह्यचं होतं. घरात मान खाली घालणं काय कठीण हाये? वर पाह्यले असते काय तिथं? पाखरं असताना जमते काय, ते मले पाह्यचं होतं.

पन्नालाल : मंग जमलं म्हण ना. तीन जीव वाचवले. गुरुणीजी ऐकून खुश होतीन.

भागिरथी : नाही जमलं.

पन्नालाल : काय?

भागिरथी : करकोचे उठले तेव्हा पाह्यलं. तुमी सोमलाभाऊले दमणी हाकायले सांगून राह्यले होते, तेव्हा. तळ्यावर तुमी दोघं खाली गेले, तेव्हा तर मी पाहातच बसली. तो निळा पण पाह्यला, डोळ्याच्या कोपऱ्यातून. आता मादी उडाली तेव्हाही मान अर्धी वर गेलीच होती. अंडी दिसली ते नशीब.

सोमला : किती डाव पाह्यलं असन?

भागिरथी : तळ्यापर्यंत मोजलं. मंग सोडून दिलं.

पन्नालाल : अवं मह्या बाई! मंग डोळे कायले पुसतेस? हे तर चांगलं झालं! नाही जमत तर नाही जमत. मी उद्या सांगतो गुरुणीजीले.

भागिरथी : तुमी खुश झाले.

पन्नालाल : झालो! बाप हावो मी. काहून नाही होणार?

भागिरथी : दोन वर्षांपासून मी याच आशेवर हावो, बाबा. साध्वीजी आठ महिने चालतात. बुलढाणा, जालना, पार मारवाडापर्यंत. एका गावी फार राहात नाहीत. मी नऊ वर्षांत किती चालली, सांगू? खोलीपासून परसापर्यंत बावीस पावलं. परत येताना एकवीस, कारण उंबऱ्यापाशी एक मोठं टाकावं लागते.

पन्नालाल : म्हणजे हे धर्मासाठी नव्हतं?

भागिरथी : धर्म हाये मह्या मनात. खोटं नाही बोलत. पण गुरुणीजीनं विचारलं, संसार काहून सोडतेस, तर मी काय सांगू? संसार मह्याजवळ होता कधी? मले वैराग्य नाही आलं, बाबा. मले चालायचं हाये.

सोमला : शेटजी, खाली बसा. ऊन लागलं तुमाले.

पन्नालाल : ऊन नाही लागलं रे. गावभर सांगत फिरलो मी, मही पोरगी किती धर्मी. दिवसा छाती फुगवली अन् रात्री रडलो. अन् तिले नुसतं चालायचं होतं.

भागिरथी : माफ करा मले.

पन्नालाल : तू कायले माफी मागतेस? ठीक हाये. दीक्षा नाही. झालं गेलं. घरी चल.

भागिरथी : घरी कुठं?

पन्नालाल : कुठं म्हणजे? आपल्या घरी.

भागिरथी : घरात कुठं, बाबा?

सोमला : शेटजी, बाई इचारून राह्यल्या.

पन्नालाल : ऐकलं मी. तू बैल पाह्य जाऊन.

सोमला : बैल बरे हायेत.

पन्नालाल : वर्षाचाच कोना होता. फक्त वर्षाचा. रीत अशी, का वर्ष सरलं की सासरच्या वडीलमाणसानं यायचं, नवं वस्त्र द्यायचं, अन् ऊठ म्हणायचं. मी फूलचंदजीची वाट पाह्यली. तुह्या सासऱ्याची.

भागिरथी : ते आले नाहीत.

पन्नालाल : दुसऱ्या वर्षी मालेगावच्या बाजारात भेटले. म्हणाले, पोरगी माहेरी हाये, आमाले वाटलं तुमी कधीचीच उठवली. मले राग आला. मी म्हटलं, रीत तुमची हाये. ते म्हणाले, पोरगी तुमची हाये. अन् दोघंही आपापल्या दमणीत बसलो.

भागिरथी : हे मले कोणीच नाही सांगितलं.

पन्नालाल : काय तोंडानं सांगू?

भागिरथी : मले वाटे, मह्यातच काही खोट हाये. मह्या पायगुणानं तो गेला असं घरच्यायले वाटत असन, म्हणून कोणी ऊठ म्हणत नाही. इतकी वर्षं मी हेच समजून बसली, बाबा.

पन्नालाल : नको बोलू. नको बोलू असं. वाट पाहता पाहता रुपाले तुह्यं ताट आत नेऊन द्यायची सवय लागली. दुकान वाढलं. अन् मी विसरलो, बेटा. तुले नाही विसरलो. तू अजून बसलेली हायेस, हे विसरलो. तुही माय असती तर वर्ष सरल्याच्या दुसऱ्या दिवशी हात धरून उठवलं असतं.

सोमला : दोघं शेटजी रीतीची वाट पाहात बसले, अन् बाई कोन्यात.

पन्नालाल : बोल. आज तू काहीही बोल, मी ऐकून घेतो.

सोमला : मी कायले बोलू? मले आता समजलं, तुमी पानकावळ्याकडं काहून गेले.

पन्नालाल : कापडाचा दुकानदार मी. अन् आज पोरीले द्यायले एक वस्त्र नाही जवळ. हे उपरणं हाये. आजच घडी मोडली, म्हणजे नवंच समज. घे. डोक्यावरून घे. फूलचंदजी नाही आले, कोणी नाही आलं, मी म्हणतो. ऊठ, बेटा.

भागिरथी : बाबा...

पन्नालाल : ऊठ. हात दे मह्या हातात.

सोमला : उठा, पन हळू. मादी आली. ते पाहा, चालत येऊन राह्यली. बसली अंड्यावर.

भागिरथी : थांबा थोडं. मले पाहू द्या.

पन्नालाल : पाह्य. पोटभर पाह्य. आपल्याले काही घाई नाही.

सोमला : घाई हाये, शेटजी. दिवस असताना जेवन झालं पाह्यजे ना तुमचं? दोन तास बैल हाकावे लागतीन. चला, बसा दमणीत.

भागिरथी : अन् अक्षय्य तृतीया, बाबा?

पन्नालाल : ती दर वर्षी येते. येऊ दे.

भागिरथी : पत्रिका छापून येतील.

पन्नालाल : दुकानात सुटे गज बांधून द्यायले कामी येतीन. जाड कागद निवडला होता मी.

भागिरथी : हत्ती?

पन्नालाल : हत्तीचा जीव सुटला मिरवणुकीतून. तेवढीच जीवदया.

भागिरथी : हासू नका. लोक म्हणतील बाप आडवा आला.

पन्नालाल : आला. नऊ वर्षं दारात आडवाच होतो, तेव्हा कोणी नाही म्हटलं. आता म्हणू दे. उद्या गुरुणीजीच्या पायावर डोकं ठेवतो अन् सांगतो.

भागिरथी : तुमी नाही. मी सांगते. जे खरं हाये ते. त्या रागावणार नाहीत, अन् रागावल्या तर मह्यावर रागावू द्या. साध्वीजी उतरल्या ते स्थानक काही लांब नाही, मी चालत जाईन.

पन्नालाल : एकटी?

भागिरथी : एकटी.

पन्नालाल : बरं. अन् मही एक गोष्ट ऐक. मी आज्ञा जन्मभराची नाही नाकारली. वर्ष फीर, दोन वर्षं फीर. मी हावो, सोमला हाये. इंझोरीकडचं रान पाह्य. किन्हीराजाले जायचं असन तर तिथंही नेतो, फूलचंदजीच्या तोंडासमोरून नेतो. मंग मनात आलं तर ये अन् आज्ञा माग. पण बाहेरून येऊन माग. कोन्यातून मागितलेल्या कागदावर मी सही नाही करणार.

भागिरथी : अन् बाहेरून येऊन मागितली, तर तेव्हा नाही म्हणाल.

पन्नालाल : तेव्हा रडीन. पण दौत उघडीन.

भागिरथी : खरं?

पन्नालाल : सोमला साक्षीदार हाये.

सोमला : मी अंगठा देईन. पन शेटजी, आता आधी सांगा, गाव आलं. सकाळसारखं मांगच्या बोळीनं घेऊ ना? बाईले परसात उतरवतो.

पन्नालाल : नको. इथंच थांबव. आमी उतरतो.

भागिरथी : बाबा, बाजाराची वेळ हाये. सगळी दुकानं उघडी असतील.

पन्नालाल : मह्यं सोडून सगळी. उतर. घर समोरच्या रस्त्यानंच जवळ पडते.

सोमला : मी दमणी हळूहळू मांगून आनतो.

भागिरथी : सगळे पाहून राह्यले.

पन्नालाल : तूही पाह्य त्यायच्याकडं. राम राम, उत्तमराव! हो, हो, आज दुकान बंदच होतं. पाखरं पाह्यले गेलो होतो. नाही हो, थट्टा नाही, खरंच पाखरं. काय म्हणता? पाहुणी? नाही, उत्तमराव, पाहुणी नाही. मही भागिरथी हाये. इथंच राह्यते.